वाइतांगीचा तह

वाइतांगीचा तह : न्यूझीलंडमधील माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात ६ फेब्रुवारी १८४० रोजी झालेला करार. उत्तर बेटावरील बे ऑफ आयलंड्सच्या किनाऱ्यावर वाइतांगी येथे त्यावर पहिल्या सह्या झाल्या. मूलनिवासी लोक आणि बाहेरून आलेली राजसत्ता यांच्यातल्या जगभरच्या तहांमध्ये हा आजही सर्वाधिक चर्चेत असणारा तह आहे. त्याच्या दोन भाषांतल्या दोन प्रतींमध्ये एकच गोष्ट लिहिलेली नाही, हे त्याचे मोठे कारण.

तह म्हटले की मराठी वाचकाला पुरंदर, सालबाई, वसई आठवतात : लढाईत सरशी कोणाची ते ठरले, मग किल्ले, मुलूख आणि खंडणीचा हिशेब झाला. वाइतांगीला असे काहीच घडले नव्हते. १८४० मध्ये माओरींची लोकसंख्या अंदाजे ऐंशी हजार होती आणि युरोपीय जेमतेम दोन हजार. १८३५ मध्ये उत्तरेकडच्या प्रमुखांनी ‘हे व्हाकापुतांगा’ नावाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता आणि ब्रिटनने तो मान्यही केला होता. त्यामुळे देशात पाय रोवायचा तर प्रमुखांची संमती घेणे ब्रिटनला भाग होते. तह बरोबरीच्या माणसाशी होतो. माओरी ही स्वतःची सत्ता असलेली माणसे आहेत हे ब्रिटनने सही करूनच कबूल केले होते. पुढे सरकारने आणि न्यायालयांनी ही कबुली कितीही वेळा नाकारली, तरी कागद पुसता आला नाही.

तहाचा मसुदा ब्रिटनने पाठवलेले आरमारी अधिकारी कॅप्टन विल्यम हॉब्सन आणि ब्रिटिश प्रतिनिधी जेम्स बस्बी यांनी इंग्रजीत तयार केला. मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी ४ फेब्रुवारीच्या एका रात्रीत त्याचे माओरी भाषांतर केले. पुढची पावणेदोनशे वर्षे ज्यावरून भांडणे झाली, ते शब्द त्या रात्री निवडले गेले. इंग्रजी प्रतीच्या पहिल्या कलमात प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व व्हिक्टोरिया राणीला पूर्णपणे आणि काहीही हातचे न राखता दिले, असे आहे. माओरी प्रतीत तिथे ‘कावनातांगा’ हा शब्द आला. ‘कावना’ म्हणजे गव्हर्नर. माओरी बायबलमध्ये रोमन सुभेदार पाँशस पिलातालाही कावनाच म्हटले होते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे आले ते गव्हर्नरचा कारभार, राज्याची मालकी नव्हे. सत्ता सोडण्यासाठी ‘मना’, म्हणजे अधिकार आणि प्रतिष्ठा, हा शब्द हाताशी होता. १८३५च्या जाहीरनाम्यात तो वापरलाही होता. पण आपली मना देऊन टाका असे म्हटले असते तर एकाही प्रमुखाने सही केली नसती.

दुसरे कलम याच्या नेमके उलट टोकाला जाते. इंग्रजीत माओरींना जमीन, जंगले आणि मासेमारी यांचा निर्वेध ताबा दिला आहे. माओरीत मात्र जमिनी, वस्त्या आणि सगळे ‘ताओंगा’, म्हणजे जे जे मोलाचे आहे ते सारे, यांवर ‘तिनो रंगतिरातांगा’ दिले आहे. रंगतिरा म्हणजे प्रमुख. रंगतिरातांगा म्हणजे त्याची पुरती सत्ता. कारभार राणीचा आणि सत्ता आमची, असा अर्थ ऐकणाऱ्याने लावला तर त्यात त्याची चूक नव्हती. तिसऱ्या कलमाने माओरींना ब्रिटिश प्रजेचे हक्क दिले.

५ फेब्रुवारीला बस्बी यांच्या घरासमोरच्या हिरवळीवर, जहाजाच्या शिडांचा मांडव घालून, दिवसभर चर्चा झाली. कित्येक प्रमुखांनी हॉब्सन यांना तोंडावर सांगितले की परत जा, आम्हाला गव्हर्नर नको. बैठक पुन्हा ७ तारखेला भरायची होती, पण शिधा संपत आल्याने प्रमुख ६ तारखेलाच सह्यांना जमले. हॉब्सन यांना घाईने बोलावून आणले गेले, तेव्हा ते साध्या कपड्यांत होते. आरमारी गणवेशातली फक्त टोपी डोक्यावर होती. पहिली सही होने हेके हे प्रमुख करणार, तेवढ्यात मिशनचे मुद्रक विल्यम कोलेन्सो यांनी मध्ये पडून विचारले की या लोकांना तहाची कलमे समजली आहेत असे वाटते का? आपण शक्य ते सर्व केले आहे, असे उत्तर हॉब्सन यांनी दिले आणि सह्या सुरू झाल्या. तेवढा एक प्रश्न त्या दिवशी गंभीरपणे घेतला असता तर, असे कोणालाही वाटेल. काही प्रमुखांनी सहीच्या जागी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणाची नक्षी काढली.

पुढे प्रती देशभर फिरल्या आणि पाचशेहून अधिक प्रमुखांनी सह्या केल्या. त्यांत काही स्त्रियाही होत्या. इंग्रजी प्रतीवर फक्त ३९ जणांच्या सह्या आहेत, बाकी सगळ्या माओरी प्रतीवर. वायकातो भागातले ‘ते व्हेरोव्हेरो’, तौपो भागातले ‘ते हेउहेउ’ अशा मोठ्या प्रमुखांनी सहीच केली नाही. तरीही २१ मे १८४० रोजी हॉब्सन यांनी संपूर्ण देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर केले. जमिनीची सावली राणीकडे जाते, जमीन आपल्याकडे राहते, असे नोपेरा पानाकारेआओ या प्रमुखाने सहीच्या वेळी म्हटले होते. वर्षभरातच त्याने हे वाक्य उलटे केले.

पहिली सही करणाऱ्या होने हेकेनेच कोरोरारेका येथील ब्रिटिश निशाणाचा खांब पुन्हा पुन्हा तोडला, आणि १८४५ मध्ये लढाई पेटली. १८६३ मध्ये सरकारी फौजा वायकातोत घुसल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने ‘बंडखोरां’ची जमीन जप्त होऊ लागली, एकूण जप्ती दहा लाख हेक्टरांच्या वर गेली. १८७७ मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी तह कायद्याच्या दृष्टीने निव्वळ शून्य ठरवला. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी जमीनजप्तीला निःशस्त्र विरोध करणाऱ्या पारिहाका या माओरी गावावर सरकारची सुमारे सोळाशे सशस्त्र माणसे चालून गेली. ‘ते व्हिती’ आणि तोहू काकाही या गावच्या नेत्यांच्या शिकवणुकीप्रमाणे गावकऱ्यांनी हत्यार उचलले नाही. वाटेत मुले गाणी म्हणत बसली होती आणि सैनिकांसमोर पाव ठेवले गेले. गाव उद्ध्वस्त झाले, दोघा नेत्यांना खटल्याशिवाय कैदेत ठेवले गेले. खुद्द तहाचे कागद सरकारी इमारतीच्या तळघरात पडून होते. १९०८ मध्ये जुन्या कागदपत्रांचे संग्राहक डॉ. हॉकेन यांना ते सापडले तेव्हा पाण्याने आणि उंदरांनी त्यांची दशा केली होती.

१९७५ मध्ये ७९ वर्षांच्या माओरी नेत्या व्हिना कूपर यांनी उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत जमिनीसाठी पदयात्रा काढली. आता आणखी एक एकरही नाही, ही तिची घोषणा होती. त्याच वर्षी तहभंगाच्या तक्रारी ऐकणारे वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. आधी त्याला फक्त नव्या तक्रारी ऐकता येत. १९८५ पासून १८४० पर्यंत मागे जाता येऊ लागले, आणि मग खरा हिशेब सुरू झाला. १९९५ मध्ये वायकातो-ताइनुई या माओरी जमातीशी सरकारची १७ कोटी न्यूझीलंड डॉलरची तडजोड झाली. माफीचा मजकूर असलेल्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी स्वतः सही केली. गेलेल्या जमिनीच्या मोलापुढे ही रक्कम अगदीच थोडी होती. २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानले गेले. त्याच मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलैत त्याला स्थगिती दिली.

शेजारच्या ऑस्ट्रेलियात ब्रिटनने मूलनिवाश्यांशी असा कोणताही तह केला नाही. अमेरिकेने शेकडो तह केले आणि १८७१ मध्ये ती पद्धतच बंद केली. मात्र तहातली संदिग्धता मूलनिवासी पक्षाला जशी समजली असेल तशी वाचावी, हे तत्त्व तिथल्या न्यायालयांनी घडवले. २०१४ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने निष्कर्ष काढला की फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलेलेच नव्हते. सरकारने तो स्वीकारला नाही.

तहाच्या तत्त्वांचा अर्थ संसदेने नव्याने ठरवावा, असे विधेयक नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. तरुण माओरी खासदार हाना-राव्हिती मायपी-क्लार्क यांनी सभागृहात त्याची प्रत फाडून ‘हाका’ हा माओरींचा आवेशपूर्ण पारंपरिक नाच सुरू केला. वेलिंग्टनमधल्या मोर्चात पोलिसांच्या अंदाजाने ४२ हजार माणसे होती. एप्रिल २०२५ मध्ये ११२ विरुद्ध ११ मतांनी विधेयक पडले. मोर्चात माओरी नसलेलेही अनेक जण होते. माओरींना ‘तांगाता व्हेनुआ’, या भूमीची माणसे, म्हणतात. तहाच्या आधाराने इथे राहणाऱ्या बाकी सर्वांसाठी ‘तांगाता तिरिती’, म्हणजे तहाची माणसे, असा शब्द रुळला आहे. नोकरीसाठी ऑकलंडला जाऊन स्थायिक झालेले मराठी कुटुंबही त्यातच मोडते.