जाड पेव्हर ब्लॉक घेतला की वाट खचत नाही?

कोकणात गेटपासून घरापर्यंत वाट करताना हमखास ऐकू येतं: ‘८० मिमीचा ब्लॉक घ्या, खाली नुसती ग्रिट (दगडाची बारीक कच) पुरे.’ हे चूक आहे. ब्लॉक शाबूत राहतो, खचते खालची माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन मऊ होते आणि चाकांच्या जागी दोन लांब चर पडतात.

घरच्या कारला ६० मिमी पुरतो. वाचलेले पैसे खडीत घाला. भुसभुशीत माती काढून सहा इंच खडी, तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, कॉम्पॅक्टरने दाबून. वर ग्रिट दीड इंचच. खडीतले खळगे ग्रिटने भरले की वाट तिथेच खचते. कडेला काँक्रीटचा कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवणारा काठ, हवाच. उतार मीटरला २ सेंमी, घरापासून बाहेर.

दाबलेल्या खडीची जाडी ठेकेदाराकडून दरपत्रकात लिहून घ्या आणि ग्रिट पडण्याआधी टेप लावून मोजा.