डोंबारी

चंडोल कुलातील (अलॉडिडी) जमिनीवर राहणारा व जमिनीवरच घरटे करणारा लहान पक्षी. शास्त्रीय नाव एरेमोप्टेरिक्स ग्रिसियस. लांबी १२–१३ सेंमी., म्हणजे घरचिमणीपेक्षाही थोडा लहान. हिमालयाच्या पायथ्याच्या दक्षिणेस श्रीलंकेपर्यंत कोरड्या, उघड्या, सखल मुलखात तो बाराही महिने असतो. दाट जंगल आणि अतिपावसाचा प्रदेश त्याला चालत नाही. मराठीत डोंबारी चंडोल असेही म्हणतात.

नराचे डोके राखी, गाल पांढुरके व पाठ मातकट असते. चोचीपासून डोळ्यावरून मागे जाणारी पट्टी, गळा, छाती आणि पोट काळे असते. समोरून पाहिले तर चेहऱ्यावर कोळशाने फुली मारल्यासारखी दिसते. मादीला यातले काहीच नसते. ती भुरकट असून चिमणीच्या मादीशी तिची सहज गल्लत होते. नर-मादीत इतका फरक असणे हे चंडोलांत विरळा आहे. ओळखण्याची खात्रीची खूण रंगात नसून चालीत आहे : चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते; डोंबारी एकामागून एक पाय टाकत, मध्येच दिशा बदलत, नागमोडी धावते आणि ढेकळाआड दबून बसते.

नाव व वर्गीकरण : हा पक्षी शास्त्राला माहीत झाला तो जिंजीमुळे. राजाराम महाराजांमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा असलेला हाच तो तमिळ मुलखातला किल्ला. फ्रेंच प्रवासी प्येर सोनेरा याने तेथील पक्ष्याचे वर्णन १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात केले. त्या वर्णनाच्या आधारे निसर्गशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कोपोली याने १७८६ मध्ये त्याला लॅटिन नाव दिले. आज स्कोपोलीचेच नाव नामकर्ता म्हणून लावले जाते. सध्याची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) ‘एरेमोप्टेरिक्स’ जर्मन निसर्गशास्त्रज्ञ काउप याने १८३६ मध्ये स्थापिली. तिच्या नावाचा अर्थ ओसाड प्रदेशाशी व पंखाशी निगडित आहे, तर ‘ग्रिसियस’ म्हणजे करडा. जुन्या ग्रंथांत ‘ग्रिसिया’ असे स्त्रीलिंगी रूप आढळते. प्रजातीचे नाव पुल्लिंगी मानल्यावर ते ‘ग्रिसियस’ झाले. पक्षी बदललेला नाही. भारतातील पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जर्डनने १८६०च्या दशकात त्याला ‘पायऱ्हुलॉडा’ या प्रजातीत ठेवले होते. बियाखाऊ पक्ष्यासारखी आखूड, जाड चोच पाहून चंडोलाचे आणि त्या पक्ष्यांचे नाव असे एकत्र जोडले गेले.

गुजरातेतील व श्रीलंकेतील पक्ष्यांना पूर्वी स्वतंत्र उपजाती मानत. रंगछटेतील हा फरक प्रदेशागणिक हळूहळू बदलत जाणारा दिसतो आणि पिसे झिजली की चंडोलांचा रंग तसाही पालटतो. त्यामुळे उपजाती न मानण्याचा अलीकडचा कल अधिक सयुक्तिक वाटतो. प्रजातीत एकूण आठ जाती असून बहुतेक आफ्रिकेतल्या आहेत. रेणवीय अभ्यासानुसार तिचे जवळचे नाते तांबूस शेपटीच्या मुरारी चंडोलाच्या (अमोमानेस) गटाशी आहे. तुरेवाले चंडोल दुसऱ्या शाखेत पडतात.

मराठी नाव दोरीवर कसरती करणाऱ्या डोंबाऱ्यांवरून पडले असावे. नराची प्रणयभरारी पाहिल्यावर हे पटते. पंख थरथरवत तो जवळजवळ सरळ वर, सुमारे ३० मी.पर्यंत चढतो. तेथून पंख आवळून, लांबलेली शीळ घालत, डोके खाली करून कोसळतो. थोडे खाली आल्यावर त्याच वेगाच्या जोरावर पुन्हा वर उसळी, पुन्हा सूर. असे टप्प्याटप्प्याने उतरत, आता आपटणार असे वाटते तेव्हा आडवा होऊन एखाद्या ढेकळावर अलगद बसतो. काळे पोट उजळ आभाळावर उठून दिसते, याचा या प्रदर्शनाशी संबंध असणे शक्य आहे.

नागपूर परिसर : जिल्ह्याच्या पश्चिमेस बेसाल्टचा खडक व त्यावर काळी किंवा मुरमाड जमीन आहे. पूर्वेकडे खडक बदलतो आणि पिकांत धान वाढत जाते. पश्चिमेकडची बरडे, पऱ्हाटीची (कपाशीची) उलंगवाडी म्हणजे शेवटची वेचणी झालेली वावरे व गुरचराईची रानेच या पक्ष्याला जास्त मानवतात. उन्हाळ्यात तलावांचे पाणी ओसरून उघडे पडलेले काठही त्याला चालतात. सातबाऱ्यावर ज्या तुकड्याची नोंद ‘पोटखराब’ (लागवडीस अयोग्य) अशी असते, तो त्याच्या दृष्टीने उत्तम. शहराच्या दक्षिणेस मिहान प्रकल्प व बुटीबोरी औद्योगिक क्षेत्राकडे अशा जमिनींवर बांधकामे वाढत आहेत. मात्र रिकामे पडलेले भूखंडही काही काळ हीच गरज भागवतात, हे येथे नोंदवले पाहिजे. हिवाळ्यात हे पक्षी थव्याने चरतात. पडलेले बी व किडे हे त्यांचे खाद्य.

घरटे : वीण वर्षातील बऱ्याच महिन्यांत होते, मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर. विदर्भात यात वैशाखातले ऊनही येते आणि मृगाचा पाऊसही. ढेकळाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या आडोशाला वाटीएवढा उथळ खळगा, आत गवताच्या काड्या व केस, आणि काठाला बऱ्याचदा बारीक खडे व मातीचे कण मांडलेले. ही मांडणी कशासाठी, याबद्दल एकमत नाही. अंडी बहुधा दोन, कधी तीन. फिकट व तपकिरी ठिपक्यांची. नर-मादी दोघेही ती उबवतात. पिले सुमारे दोन आठवड्यांनी बाहेर येतात. मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास असताना उबेपेक्षा सावलीची गरज अधिक, त्यामुळे ‘उबवणे’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे.

घरट्याला धोका कुत्री, मुंगूस, कावळे यांचा; वावरात वखराचाही. नांगरट न झालेल्या धुऱ्यालगतचे (बांधालगतचे) घरटे त्यातून वाचू शकते. जागतिक पातळीवर ही जाती धोक्यात मानलेली नाही.