कार्पाचचं वांग चर्च : थोडी पार्श्वभूमी

पोलंडच्या दक्षिणेला, चेक सीमेला लागून, कार्पाच म्हणून डोंगरातलं एक छोटं गाव आहे, थंडीत स्कीइंगवाल्यांनी भरलेलं. तिथे वरच्या वस्तीत जे काळपट लाकडी चर्च दिसतं ते मूळचं पोलंडचं नाही, आणि त्याआधी तो भाग जर्मनांचा होता तर त्यांचंही नाही, नॉर्वेतून सुटं करून आणलेलं आहे. फोटोखाली एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे 'राजाने वाचवलं' हे वाक्य येतं (राजा म्हणजे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा). माझी खोच त्या वाक्यावर आहे.

आधी नावाचा घोळ. वांग म्हणजे चेहऱ्यावरचे वांग नव्हेत, आणि कुणा चिनी माणसाचं आडनावही नाही (हा प्रश्न खरंच विचारला जातो). नॉर्वेच्या व्हाल्ड्रेस खोऱ्यात वांग नावाचं गाव आहे, जुन्या भाषेत त्याचा अर्थ कुरण किंवा माळ. जर्मनांनी ते आपल्या स्पेलिंगने लिहिलं, पोलिश लोकांनी तेच पुढे चालवलं, आणि आता गावाचं नाव चर्चचं विशेषनाम होऊन बसलंय.

चर्च साधारण बाराव्या शतकाच्या शेवटी किंवा तेराव्याच्या सुरुवातीला बांधलेलं. अशा चर्चना स्टाव्ह चर्च म्हणतात, स्टाव्ह म्हणजे उभा खांब. ओंडके एकावर एक आडवे रचून भिंत केलेली घरं आपण फोटोत बघतो तसं हे नाही, उलट आपल्या वाड्याच्या चौकटीशी जवळचं आहे: दगडांवर आडव्या तुळया, त्यांच्यावर उभे खांब, आणि भिंतीत उभ्या फळ्या एकमेकीत खाच करून बसवलेल्या. वाड्यात खांबाखाली तळखडा असतो तो कशासाठी, तर लाकूड जमिनीला टेकलं की कुजतं, तीच अक्कल तिथेही, कारण त्याआधीच्या पिढीत खांब थेट मातीत पुरायचे आणि ते टिकायचे नाहीत. लाकूड पाइनचं, वरून डांबर. दारांवर वेली आणि ड्रॅगन एकमेकांत गुंतलेलं कोरीवकाम. मधली सहाशे वर्षं मी सरळ ओलांडतो.

आता मुख्य भानगड. एकोणिसाव्या शतकापर्यंत ते चर्च गावाला लहान पडायला लागलं होतं आणि खिळखिळंही झालं होतं, गावाने 1839 मध्ये नवीन बांधलं आणि जुनं मोडीत काढायचं ठरवलं. यावरून गावकऱ्यांना अडाणी ठरवायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. रविवारी सगळं गाव आत मावायला पाहिजे, छप्पर डोक्यावर पडायला नको, आणि दोन दोन इमारतींना डांबर लावायचा खर्च कोण करणार? जुनं लाकूड विकून चार पैसे येत असतील तर कुठलंही गाव तेच करेल. वारसा वगैरे शब्द तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

पोचले होते ते जर्मनीत ड्रेस्डेनला राहणाऱ्या एका नॉर्वेजियन चित्रकारापर्यंत. त्याने 1837 मध्येच अशा चर्चच्या चित्रांचं पुस्तक काढलं होतं. वांगचं चर्च नॉर्वेतच कुठेतरी उभं राहावं म्हणून त्याने खटपट केली, पण कुणी घेईना. शेवटी 1841 च्या लिलावात ते त्याच्याच मार्फत प्रशियाच्या राजाच्या पदरात पडलं. भाग सुटे केले, डोंगर ओलांडून फ्योर्डपर्यंत (डोंगरांत आत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यापर्यंत) नेले, तिथून जहाजाने श्टेटिनला (आजचं श्चेचिन) आणि पुढे बर्लिनला. बेत असा होता की बर्लिनजवळ नदीतल्या मोरांच्या बेटावर ते उभं करायचं, म्हणजे थोडक्यात राजाच्या बागेतली शोभेची वस्तू. मग सायलेशियातल्या (म्हणजे आजचं कार्पाच आहे त्याच भागातल्या) एका काउंटेसने, सरदार घराण्यातल्या बाईने, सुचवलं की आमच्याकडे डोंगरात प्रोटेस्टंट लोकांना जवळ चर्चच नाही, लांब चालत जावं लागतं, ते इकडे द्या. राजाने ऐकलं. 2 ऑगस्ट 1842 ला पायाभरणी झाली, 28 जुलै 1844 ला राजाच्या हजेरीत चर्च सुरू झालं. माझ्या मते 'वाचवलं' हा शब्द कुणाला द्यायचाच असेल तर तो त्या बाईंना द्यावा, कारण बेटावर गेलं असतं तर तिथे प्रार्थना कोण करणार होतं.

पण वाचलं म्हणजे नक्की किती वाचलं? बरंच लाकूड कुजलेलं होतं किंवा उपयोगाचं राहिलं नव्हतं. कोरीव दारं, काही खांब आणि त्यांची नक्षी ही जुनी, बाकी भरपूर काम नव्या लाकडात, नॉर्वेत सुटं करायच्या आधी काढून ठेवलेल्या ड्रॉइंगवरून, आणि जिथे ड्रॉइंग पुरलं नाही तिथे अंदाजाने. शेजारचा दगडी घंटाघराचा मनोरा तर नॉर्वेत नव्हताच, श्न्येझ्का शिखरावरून (1603 मीटर) येणारा वारा अडवायला तो बांधला. म्हणून 'आठशे वर्षांचं चर्च' हे अर्धवट खरं आहे. आपल्याकडे धरणात गाव गेलं की देऊळ नव्या गावठाणात बांधतात, जुने चार दगड आणि मूर्ती नेतात, आणि लोक त्याला जुनंच देऊळ म्हणतात, तसंच काहीसं.

गंमत म्हणजे 1844 मध्येच नॉर्वेत जुन्या वास्तू जपायला एक संस्था निघाली, आणि तिच्या मागे हाच चित्रकार होता. तरी 1851 च्या कायद्याने चर्चमध्ये गावच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा सक्तीची केली आणि आणखी कितीतरी लहान चर्च पाडली गेली. आज नॉर्वेत अशी 28 उरलीत. हलवायची टूम मात्र राहिली, गोल नावाच्या गावातलं चर्च 1880 च्या दशकात ऑस्लोला नेलं, फोर्टून गावचं 1883 मध्ये बर्गनजवळ फान्टोफ्टला नेलं, ते 1992 मध्ये कुणीतरी जाळलं आणि आता तिथे आहे ती 1997 ची प्रतिकृती.

1945 नंतर सायलेशिया पोलंडकडे आलं, जर्मन रहिवाशांना घालवून दिलं, ब्र्युकेनबर्ग नावाच्या त्या वस्तीचं बिएरुतोविचे झालं (तेव्हाच्या कम्युनिस्ट नेत्याच्या नावावरून) आणि नंतर कार्पाच गूर्नी, म्हणजे वरचं कार्पाच. ज्यांच्यासाठी आणलं ते गेले, चर्च राहिलं, आणि कॅथलिक पोलंडमध्ये ते अजूनही प्रोटेस्टंटच आहे. आता तिकीट काढून आत जायचं, शनिवारी लग्नं लागतात, रविवारी प्रार्थना. तिकडे नॉर्वेतल्या वांगमध्ये 1839 चं चर्च चालू आहे, आणि जुन्या चर्चबाहेर असायचा तो रुनिक (तिकडच्या जुन्या लिपीतल्या) अक्षरांचा उंच दगड आता त्याच्याबाहेर उभा आहे. तो मात्र कुणी विकत मागितला नाही.