डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ताजी भाजी: अमेरिकेतील सोयीची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

डॉक्टरांनी औषधाप्रमाणे ताजी फळे आणि भाज्या लिहून द्याव्यात आणि रुग्णाने त्या चिठ्ठीवर शेतकरी बाजारातून किंवा ठरलेल्या दुकानातून त्या घ्याव्यात, अशी सोय अमेरिकेत अनेक ठिकाणी आहे. 2018 च्या कृषी कायद्यातील गस शुमाकर न्यूट्रिशन इन्सेंटिव्ह प्रोग्रामखाली तेथील कृषी खाते यासाठी अनुदान देते. मात्र ते रुग्णाच्या हाती न येता स्थानिक संस्थांना आणि दवाखान्यांना मिळते. त्यामुळे रुग्णासाठी देशभर चालणारा एकच अर्ज नाही. सुरुवात आपल्या दवाखान्यातूनच करावी लागते.

या अनुदानावर चालणाऱ्या उपक्रमांत दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. कुटुंब अल्प उत्पन्नाचे असून ती व्यक्ती स्नॅप या अन्नसाहाय्यास किंवा मेडिकेड या अल्प उत्पन्न गटासाठीच्या सरकारी आरोग्यविम्यास पात्र असावी, आणि तिला मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा आहाराशी निगडित आजार असावा अथवा तो होण्याचा धोका असावा. मराठी कुटुंबांनी येथे व्हिसाचा प्रश्न नीट समजून घ्यावा: विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना स्नॅप मिळत नाही, ग्रीन कार्डधारक प्रौढांना सामान्यतः पाच वर्षे थांबावे लागते, परंतु अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक असल्याने स्वतःच्या नावावर पात्र ठरू शकते. इतर निधीवर चालणाऱ्या उपक्रमांचे नियम वेगळे असतात. नावाहो आदिवासी प्रदेशात 2015 मध्ये सुरू झालेला उपक्रम, उदाहरणार्थ, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी आहे.

तपासणीच्या वेळी अनेक दवाखाने दोन विधाने वाचून दाखवतात. गेल्या 12 महिन्यांत पुन्हा पैसे हाती येण्याआधी घरातले अन्न संपेल अशी काळजी वाटली, हे पहिले. आणलेले अन्न पुरले नाही व आणखी घेण्यास पैसे नव्हते, हे दुसरे. यांपैकी एक जरी विधान ‘बऱ्याचदा’ किंवा ‘कधीकधी’ लागू असेल, तर अन्नाची असुरक्षितता आहे असे धरले जाते. आपल्याकडे अशा प्रश्नाला ‘सगळे ठीक आहे’ म्हणण्याची सवय खोलवर रुजलेली आहे, आणि नेमक्या त्याच उत्तराने हक्काची मदत हातची जाते. खरे उत्तर द्यावे. कोणी विचारलेच नाही, तर डॉक्टरांकडे किंवा दवाखान्यातील समाजसेवकाकडे आपण होऊन विषय काढावा.

सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मेडिकेड किंवा स्नॅपचे कार्ड न्यावे. आजाराची नोंद बहुधा दवाखान्याकडेच असते. आहार व आरोग्याविषयीची प्रश्नावली आणि संमतिपत्रही पुढे येऊ शकते. ते वाचूनच सही करावी, आणि इंग्रजी अवघड जात असल्यास दुभाषी मागावा.

नोंदणीनंतर व्हाउचर, कार्ड किंवा भाजीची पेटी मिळते. रक्कम आणि मुदत स्थानिक संस्था ठरवते. या अनुदानातून फक्त ताजी, अख्खी किंवा चिरलेली फळे-भाज्या घेता येतात. त्यांत साखर, मीठ वा तेल घातलेले चालत नाही. म्हणजे शेतकरी बाजारातली ताजी भेंडी चालते, गोठवलेली चालत नाही. संस्थेला मिळणारे अनुदान ठरावीक वर्षांपुरतेच असल्याने व्हाउचरची अंतिम तारीख, ते स्वीकारणाऱ्या ठिकाणांची यादी आणि पुन्हा नोंदणी करता येईल का, हे पहिल्याच भेटीत लेखी मागून घ्यावे.