धागा ताणत नाही, मग स्वेटर कसा ताणतो?

लोकरीच्या गुंड्यातून हातभर धागा काढा आणि दोन्ही टोकं धरून ओढा. किंचित लांबतो, मग अडतो, आणखी जोर लावला तर तुटतो. आता त्याच लोकरीचा विणलेला तुकडा घ्या आणि आडवा ओढा, आरामात दीडपट होतो आणि सोडला की परत जागेवर येतो. धागा तोच, आत कुठे रबर नाही की इलॅस्टिक नाही, मग हे ताणणं आलं कुठून?

ते टाक्यातून आलं. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे जवळपास सरळ जातात, त्यामुळे कापड ओढलं की तुम्ही थेट धाग्यालाच ओढत असता. विणकामात धागा सरळ असा कुठेच नसतो, तो सतत वळत असतो, वर जातो, वळसा घेतो, खाली येतो, आणि प्रत्येक वळसा खालच्या ओळीतल्या वळशातून बाहेर काढलेला असतो. तुकडा आडवा ओढला की हे लूप रुंद होतात, पण धागा काही वाढत नाही, मग रुंदीला लागलेला धागा उंचीतून येतो. म्हणूनच छातीला घट्ट झालेला स्वेटर खालून वर चढतो आणि आपण दिवसभर तो खाली ओढत बसतो. लांबी कमी विणली गेली होती असं वाटतं, पण खरं तर लांबी रुंदीत गेलेली असते.

आणि परत जागेवर का येतो, तर वाकवलेल्या धाग्याला आणखी वाकायला आवडत नाही, प्रत्येक लूप म्हणजे एक बारीकशी स्प्रिंगच. 2018 मध्ये पॅरिसच्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी (सॅम्युएल प्वाँक्लू आणि सहकारी) याचं गणित मांडलं, त्यांनी गृहीत धरलं की धाग्याची लांबी कायम राहते आणि सगळी ऊर्जा वाकण्यात जाते, आणि एवढ्यावर विणलेल्या तुकड्याचं ताणणं बरंच चांगलं सांगता आलं. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण विणणाऱ्यांच्या बोटांना जे कायम जाणवत होतं तेच समीकरणात उतरलं होतं.

यात डिझाइनच्या दृष्टीने खूप महत्त्वाची गोष्ट आहे. शिवणाऱ्याला कापड तयार मिळतं, तो त्यातून आकार कापतो. विणणारा मात्र कापड आणि कपडा एकाच वेळी घडवतो. कापड किती ताणेल, कुठे आक्रसेल, कुठे सपाट राहील, हे सगळं त्याच्या हातात असतं, तेही टाक्याटाक्याला. त्यामुळे स्वेटर डिझाइन करणं म्हणजे फक्त गळा कसा आणि रंग कोणते एवढं नाही, आधी त्या लूपला काय करायला सांगायचंय ते ठरवायचं असतं.

आता सांगायची साधनं किती, तर मुळात दोन, सुलट आणि उलट. आणि नीट पाहिलं तर ती दोनही नाहीत, सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट असतो. पण ह्या एका टाक्याला पुढची आणि मागची बाजू आहे, ती सारखी नाही, आणि सगळी गंमत तिथून सुरू होते. दर ओळीनंतर तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने विणतो, त्यामुळे एक ओळ सुलट एक ओळ उलट विणलं की पुढून सगळे गुळगुळीत व्ही दिसतात, मागून सगळे उंचवटे. सगळे लूप एकाच बाजूला वाकलेले, त्यामुळे सगळ्यांचा सरळ व्हायचा जोरही एकाच बाजूला लागतो, आणि तुकडा गुंडाळला जातो. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची कड पुढे वळते. कधीही विणून बघा, हे असंच होणार.

मी पहिला स्कार्फ असाच विणला होता, पूर्ण सुलट बाजू दिसावी म्हणून, कारण ती सुंदर दिसते. दोन आठवडे विणला आणि हातात आली एक लांबलचक नळी. मला वाटलं माझाच हात चुकला, म्हणून त्याला भरपूर वाफेची इस्त्री केली, तर तो सपाट झाला खरा पण कायमचा लुळा पडला, अंगात जीवच उरला नाही. त्या इस्त्रीचं कारण पुढे येईल, पण नळीचं कारण एवढंच की त्या टाक्यांना तसंच वळायचं होतं, माझ्या हाताचा त्यात काही दोष नव्हता.

उपाय म्हणजे टाक्यांना आपसात तोलायचं. सगळ्या ओळी सुलट विणल्या की एक ओळ पुढे झुकते, पुढची मागे, आणि तुकडा सपाट राहतो, शिवाय ओळी एकमेकींत दाबून बसतात म्हणून तो उभा भरपूर ताणतो. दोन सुलट दोन उलट असं एकाखाली एक विणलं तर सुलट रांगा पुढे येतात, उलट रांगा मागे सरकतात, कापडाला उभ्या बारीक चुण्या पडतात आणि ते आडवं आक्रसतं. हीच आपली बॉर्डर, मनगटाला, कमरेला, टोपीच्या काठाला. ओढलं की चुण्या उघडतात, सोडलं की मिटतात. आणि एक सुलट एक उलट करून पुढच्या ओळीत जागा बदलली तर दाणेदार, सपाट, कुठेच न वळणारं कापड मिळतं, स्कार्फला उत्तम. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये एलिसाबेटा मात्सुमोटो आणि त्यांचे सहकारी ह्याच चार विणी घेऊन प्रयोग करतात, धागा तोच ठेवून फक्त सुलट-उलटची मांडणी बदलली की कापडाचा ताठपणा किती बदलतो हे त्यांनी मोजून दाखवलंय. मात्सुमोटो विणकामाला कोडिंग म्हणतात आणि मला ते अगदी पटतं, दोनच चिन्हं आणि त्यांच्या क्रमातून सगळं.

आता मोजमापाकडे येऊ, कारण इथेच सगळ्यात जास्त स्वेटर बिघडतात. समजा छाती 92 सेमी आहे आणि अंगात स्वेटर थोडा मोकळा हवा म्हणून आपण घेर 100 सेमी ठरवला. हिशोबात 10 सेमीत 20 टाके धरले, म्हणजे एकूण 200 टाके. सोपं आहे. पण तुमचा हात जरा सैल असेल आणि प्रत्यक्षात 10 सेमीत 18 च टाके बसत असतील, तर तेच 200 टाके 111 सेमी होतात. हात घट्ट असेल आणि 22 बसले तर जेमतेम 91 सेमी, म्हणजे अंगापेक्षाही लहान. दहा सेंटीमीटरमागे दोन टाक्यांचा फरक, डोळ्याला दिसतही नाही, आणि स्वेटर एका माणसाचा दुसऱ्याला होतो. म्हणून आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणून टाके मोजायचा कंटाळा करू नका, आणि तो चांगला 15 सेमीचा विणा, मधले 10 सेमी मोजा, कारण कडेचे टाके खोटं बोलतात.

टोपीचं उलटं आहे. ती डोक्यापेक्षा लहानच विणायची असते, 56 सेमीच्या डोक्याला 50-51 सेमी, कारण ती ताणून बसली तरच बसते.

टोपीवरून मला सगळ्यात आवडणारा हिशोब आठवला. टोपीचा वरचा भाग बंद करताना टाके कमी करत जातो, बऱ्याच टोप्यांमध्ये दर दोन ओळींना 8 टाके. हा 8 कुठून आला? सपाट वर्तुळाचा नियम आहे की त्रिज्या जितकी कमी होते, परीघ त्याच्या 2π पट (π म्हणजे गणितातला पाय, साधारण 3.14), म्हणजे साधारण 6.28 पट कमी होतो. आता 10 सेमीत 20 टाके आणि 28 ओळी अशी विण घ्या. टाका 5 मिमी रुंद, ओळ साधारण 3.6 मिमी उंच. एक ओळ पुढे गेलो की त्रिज्या 3.6 मिमीने कमी झाली, परीघ 22 मिमीने कमी व्हायला हवा, म्हणजे साडेचार टाके. दोन ओळींना नऊ. नऊ कमी केले तर एकदम सपाट चकती होईल, आठ केले तर जरासा घुमट येतो, आणि डोक्याचा माथा जरासा घुमटच असतो. ज्यांनी कुणी हे पहिल्यांदा विणून विणून ठरवलं त्यांनी π हातातच धरला होता की.

त्याहून कमी टाके घटवले तर टोपीला टोक येतं. आणि उलट दिशेने, मधून बाहेर विणत जाताना हव्यापेक्षा जास्त टाके वाढवले तर कापडाला जागाच पुरत नाही आणि कडेला झालर पडते, ती फ्रिलवाली स्कार्फ असते ना तशी. गणितात ह्याला हायपरबोलिक पृष्ठ म्हणतात. त्याचं कागदाचं मॉडेल हाताळलं की फाटायचं, मग 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी ते सरळ क्रोशाने विणलं आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. म्हणजे घुमट, चकती, झालर ह्या तीन आकारांमध्ये फरक फक्त किती टाके वाढवता-घटवता एवढाच. मोज्याची टाच, गोल योकचा (गळ्याभोवतीचा खांद्यापर्यंतचा भाग गोल विणलेला) स्वेटर, खांद्यावर नीट बसणारी शाल, सगळं ह्यातच येतं.

केबल (वेणीसारखी नक्षी) घालणार असाल तर टाके थोडे जास्त घ्या, एकमेकांवरून ओलांडणारे टाके कापड आत ओढतात. दोन रंगांची नक्षी असेल तर मागून न वापरलेल्या रंगाचे धागे आडवे जातात, त्यामुळे कापड दुहेरी आणि जास्त गरम होतं, पण कमी ताणतं, कारण ते मागचे धागे सरळ असतात, लूप नसतात. ते घट्ट ओढले गेले की नक्षी सुरकुतते.

आता धाग्याबद्दल. आपण दुकानात मिळणाऱ्या सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण मेंढीची लोकर आणि ऍक्रिलिक ह्या पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. गरम ठेवायचं काम मुळात हवा करते, धागा नाही. स्थिर हवा उष्णता फार कमी वाहून नेते, तंतू त्याच्या कितीतरी पट जास्त नेतो, म्हणून तंतूचं काम हवेला अडकवून ठेवणं एवढंच. मेंढीच्या लोकरीचा तंतू नैसर्गिकरीत्या नागमोडी असतो, शेजारच्याला चिकटून बसत नाही, त्यामुळे मधे भरपूर हवा राहते. पण टाक्यांमधून वारा घुसला की ती हवा निघून जाते, म्हणून खूप सैल विणलेला जाड स्वेटर घरात ऊबदार आणि वाऱ्यात थंड, वरून पातळसं जॅकेट घातलं की एकदम बदल जाणवतो.

लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी वाफ शोषून घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. ऍक्रिलिक जवळपास काहीच शोषत नाही, त्यामुळे घाम आला की अंगाला चिकचिक होते. टोचण्याचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा ऍलर्जी नसते, ते तंतूच्या जाडीवर आहे. 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचं टोक त्वचेवर टेकलं की ते वाकत नाही, टोचतं, बारीक असेल तर वाकतं. असे जाड तंतू शंभरात पाचाच्या वर गेले की बहुतेकांना टोचायला लागतं. म्हणून मेरिनो मेंढीची बारीक लोकर गळ्याशी चालते आणि जाडीभरडी लोकर बाहेरच्या जॅकेटला चांगली. स्कार्फची लोकर निवडताना ती गालाला किंवा मानेला लावून बघा, तळहाताला कळत नाही.

आणि ती इस्त्री. माझा स्कार्फ ऍक्रिलिकचा होता, म्हणजे प्लॅस्टिकचा तंतू, आणि वाफेच्या उष्णतेने तो मऊ पडला, लूपमधली स्प्रिंगच गेली, थंड झाल्यावर तो त्याच लुळ्या आकारात कायम राहिला. मेंढीच्या लोकरीचं वेगळं असतं. ती केराटिनची, आपल्या केसांसारखी, त्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि पाण्यात भिजल्यावर हे बंध सुटतात. ओला स्वेटर हव्या त्या मापात पसरवून तसाच वाळू दिला की बंध नव्या जागी जुळतात आणि आकार धरून ठेवतात, पुढच्या धुण्यापर्यंत. केस ओले असताना गुंडाळून वाळवले की कुरळे राहतात, तसंच. फक्त गरम पाणी, साबण आणि घासणं हे तीन एकत्र आणू नका, लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एका दिशेने सरकू देतात आणि परत येऊ देत नाहीत, तंतू एकमेकांत रुतत जातात आणि मोठ्यांचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो. ते परत उलगडत नाही.

ह्यामुळे नमुन्याचा तुकडा विणून लगेच मोजायचा नसतो. तो जसा स्वेटर धुणार तसाच धुवा, तसाच वाळवा, मग मोजा. सुईवरून उतरताना टाके ताणात असतात, पाण्यात ते मोकळे होतात, आणि 20 चे 19 होणं अगदी नेहमीचं आहे. सुती धागा असेल किंवा लांब कोट विणायचा असेल तर आणखी एक करा, तुकड्याच्या खालच्या कडेला चार-पाच चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी परत मोजलं की स्वतःच्या वजनाने तो कपडा किती लांबणार आहे ते आधीच कळतं, आणि तेवढ्या ओळी कमी घालता येतात.