एकाच्या ‘नाही’ची किंमत: राज्यसंघांच्या नकाराधिकाराची पार्श्वभूमी

सार्वभौम राज्यं एकत्र आली की सगळ्यात चिवट वाद मतदानाच्या नियमावर होतो. इतर सर्वांना हवं असलेलं काम एकट्याच्या नकाराने थांबवता येईल का? सार्वभौमत्वाची चर्चा शेवटी इथेच येऊन ठेपते.

अमेरिकेने याचा चटका लवकर घेतला. १७८१च्या कराराने १३ राज्यांचा संघ झाला, पण त्याला कर बसवण्याचा अधिकार नव्हता आणि करारात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे. युद्धाचं कर्ज फेडण्यासाठी आयातीवर पाच टक्के जकात लावायचा प्रस्ताव आला. आकाराने सर्वांत लहान असलेल्या ऱ्होड आयलंडने १७८२मध्ये नकार दिला आणि प्रस्ताव बारगळला. पुढच्या प्रयत्नाला न्यूयॉर्क आडवं आलं. अखेर १७८७मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली गेली. नऊ राज्यांनी मान्यता दिली की ती लागू होईल, असं त्या घटनेतच ठरवून टाकलं. जुना नियम सरळ बाजूला सारला गेला. तो पाळून तो बदलणं जमलंच नसतं. मात्र त्यानंतर जे उभं राहिलं तो सार्वभौम राज्यांचा संघ नव्हता, ते एक राष्ट्र होतं.

युरोपला तिथवर जायचं नव्हतं. १९५१च्या पॅरिस कराराने सहा देशांनी कोळसा आणि पोलाद हे उद्योग एका सामाईक उच्चाधिकार मंडळाकडे सोपवले. युद्धसामग्रीचा कच्चा मालच कोणा एकाच्या हाती राहू नये, हा त्यामागचा हिशेब. संयुक्त सैन्याची योजना मात्र १९५४मध्ये फ्रेंच संसदेनेच फेटाळली. १९५७च्या रोम कराराने याच सहा देशांचा ‘युरोपीय आर्थिक समुदाय’ म्हणजे सामाईक बाजारपेठ आणली आणि १९६६पासून बऱ्याच विषयांवर बहुमताने निर्णय होतील, असं ठरवलं.

ती तारीख जवळ येताच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल बिथरले. निमित्त शेती अनुदानाच्या पैशांचं होतं. समुदायाचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष हालश्टाइन यांनी त्याला समुदायाचं स्वतःचं उत्पन्न आणि युरोपीय संसदेचे वाढीव अधिकार जोडले. जुलै १९६५पासून फ्रान्सचे मंत्री बैठकांना फिरकले नाहीत. हा ‘रिकाम्या खुर्ची’चा पेच जानेवारी १९६६मध्ये लक्झेंबर्गला सुटला, म्हणजे खरं तर सुटलाच नाही. एखाद्या देशाचं अत्यंत महत्त्वाचं हित गुंतलं असेल तर एकमत होईपर्यंत चर्चा चालावी, असं फ्रान्सचं म्हणणं. उरलेल्या पाचांना ते मान्य नव्हतं. मग आपल्यात मतभेद आहे, एवढंच लिहून ठेवून सगळे कामाला लागले! त्या कागदाला कायद्याचं बळ नव्हतं, तरी पुढची जवळपास वीस वर्षं मतदान टाळलं गेलं.

गंमत म्हणजे, त्याआधी १९६४मध्येच इटलीतल्या विजेच्या एका किरकोळ बिलावरून समुदायाच्या न्यायालयाने राष्ट्रीय कायद्यापेक्षा समुदायाचा कायदा श्रेष्ठ ठरवला होता. एवढा मोठा निर्णय सरकारांनी पचवला, कारण नवे कायदे रोखण्याची किल्ली त्यांच्याच खिशात होती, असं मला वाटतं.

ती किल्ली ढिली झाली १९८६च्या ‘एकल युरोपीय कायद्या’ने, एकसंध बाजारपेठेसाठी बहुमत स्वीकारलं गेलं. मग दुसरी पळवाट निघाली: सवलत. जून १९९२मध्ये डेन्मार्कच्या मतदारांनी युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी नाकारला. चलन आणि संरक्षण यांसारख्या विषयांतून सूट मिळाल्यावर पुढच्या वर्षी त्यांनीच तो स्वीकारला. २००९पासून लागू झालेल्या लिस्बन कराराने बहुमताचं गणित ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या असं बसवलं. बाहेर पडण्याची वाटही त्यानेच लेखी स्वरूपात दिली. ब्रिटन २०२०मध्ये त्याच वाटेने गेला.

करआकारणी, परराष्ट्र धोरण आणि नव्या सदस्यांचा प्रवेश यांसाठी मुख्यतः एकमत अजूनही लागतं. डिसेंबर २०२३मध्ये युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय झाला, तेव्हा हंगेरीचे तत्कालीन पंतप्रधान ओर्बान दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी तो मंजूर केला. युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत मात्र ओर्बान यांनी त्याच बैठकीत रोखली. ती १ फेब्रुवारी २०२४ला मंजूर झाली.