‘प’चा धक्का माईकपर्यंत का पोहोचतो आणि तो अडवायचा कसा

घरी अभंग किंवा भावगीत रेकॉर्ड करून ऐकायला बसलं की एक दोष लगेच कानावर येतो. सूर नीट, ताल नीट, पण ‘पांडुरंग’ मधल्या ‘पां’वर स्पीकरमधून ‘भद्’ असा धक्का बसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात भजनी मंडळांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत पुष्कळजण घरच्या खोलीत माईक लावून गातात. त्यांतले बरेचजण या धक्क्यावर उपाय म्हणून आधी महागड्या माईकचा विचार करतात. पण हा दोष माईकचा नसतो. धक्का वाऱ्याचा असतो, आणि तो माईकच्या आधीच अडवावा लागतो. त्यासाठी माईकसमोर लावायच्या बारीक जाळीला पॉप फिल्टर म्हणतात.

तळहात ओठांपासून चार बोटांवर धरा आणि ‘म’, ‘ब’, ‘प’, ‘फ’ असं क्रमाने म्हणून बघा. चारही अक्षरांना ओठ मिटतात. ‘म’ला हाताला काहीच लागत नाही, कारण हवा नाकातून जाते. ‘ब’ला थोडं जाणवतं, ‘प’ला स्पष्ट, आणि ‘फुला’तल्या ‘फ’ला चांगला झोत लागतो. ‘भ’चंही तसंच. ‘ठ’, ‘थ’, ‘ख’ हेही महाप्राण आहेत, पण त्यांची हवा तोंडाच्या आत सुटते आणि ओठांपर्यंत येता येता पसरते. त्यामुळे ती माईकला कमी त्रास देते.

‘प’ म्हणताना ओठांमागे साठणारा दाब साध्या बोलण्यातही ५ ते ८ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे ५०० ते ८०० पास्कल असतो. याउलट, जवळून जोरात गायलं तरी आवाजाचा माईकपाशी दाब काही पास्कलच असतो. झोत माईकपर्यंत जाईतो बराच ओसरतो, पण जेवढा उरतो तेवढाही आवाजाला भारी पडतो. त्यात कंडेन्सर माईकचा, म्हणजे रेकॉर्डिंगला वापरतात त्या नाजूक जातीच्या माईकचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. शिवाय एकाच दिशेने ऐकणारे, म्हणजे कार्डिऑइड माईक पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजतात. त्यामुळे ते वाऱ्याला जास्तच हळवे असतात, आणि घरोघरी बहुतेक तेच असतात.

आपल्याकडे एकच गायक मराठी अभंग आणि कन्नड वचन दोन्ही गातो. त्याला एक फरक जाणवण्यासारखा आहे. जुन्या कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीला असलेला ‘प’ पुढे ‘ह’ झाला: ‘पालु’चं ‘हालु’, ‘पू’चं ‘हूवु’. ‘ह’ला ओठ मिटत नाहीत, म्हणून तिथे धक्काही नाही. मराठीत मात्र पाणी, पाऊस, पालखी, फूल, भक्त असे शब्द ओळीओळीला येतात. म्हणून माईकची जागा ठरवताना चाचणी मराठी ओळीवर घ्या. ‘भर पावसात फाटकी पोती भिजली’ एवढं वाक्य पुरतं.

पॉप फिल्टरची जाळी वारा अडवते, पण आवाज जाऊ देते. हे जमतं कसं? आवाजाची लाट हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने पुढे जाते, पण त्यात हवा स्वतः जागच्या जागी किंचित मागेपुढे होते. पातळ जाळीचा तिला फारसा अडथळा नाही. झोताचं तसं नाही. तिथे हवाच पुढे सरकते. जाळीच्या बारीक छिद्रांतून जाताना त्या झोताचे लहान लहान भोवरे होतात आणि थोड्याच अंतरात विरून जातात. हे ‘थोडं अंतर’ फार महत्त्वाचं. जाळी माईकला चिकटवून लावली तर भोवऱ्यांना विरायला जागाच मिळत नाही आणि फिल्टर असून धक्का ऐकू येतो. जाळी आणि माईक यांत ५ ते ८ सेंटिमीटर, जाळी आणि ओठ यांतही साधारण तेवढंच अंतर ठेवा.

फिल्टर घरी करायला लागतात ५ इंची लाकडी भरतकामाची रिंग, अंगठ्याचे पातळ नायलॉनचे मोजे, ८ ते १० गेजची (४ ते ३ मिलिमीटर) जीआय तार ४५ सेंटिमीटर, एक होज क्लिप आणि इलेक्ट्रिकची चिकटपट्टी. मोजे आणि रिंग बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा कुठल्याही बाजारगावच्या कटलरीच्या दुकानात मिळतील, तार आणि क्लिप हार्डवेअरच्या दुकानात.

रिंगचा स्क्रू सैल करून आतली रिंग बाजूला काढा. मोजा कापू नका. नळीसारखा तो आतल्या रिंगवर सरकवा, म्हणजे रिंगच्या दोन्ही तोंडांवर एकेक पदर बसतो आणि मधे रिंगच्या उंचीएवढी, साधारण ८ ते १० मिलिमीटरची पोकळी आपोआप राहते. पहिल्या पदरातून निसटलेला वारा दुसऱ्यात अडकतो. विकतचे दुपदरी फिल्टर असेच असतात. बोटांकडचा जाड भाग आणि वरचं इलॅस्टिक रिंगच्या बाहेर राहू द्या. आता बाहेरची रिंग बसवून स्क्रू आवळा. कापड चापून बसलं पाहिजे. सैल राहिलं तर ‘प’बरोबर तेच हलतं आणि हवा पुढे ढकलतं. पण छिद्रं डोळ्यांना मोठी दिसू लागतील इतकंही ताणू नका.

तारेच्या एका टोकाला आकडा करून तो रिंगच्या स्क्रूत अडकवा आणि चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा. दुसरं टोक माईकच्या स्टँडवर होज क्लिपने आवळा. स्टँडचा पाइप साधारण २० मिलिमीटरचा असेल तर १६ ते २५ मिलिमीटरची क्लिप बसते. तार सगळी चिकटपट्टीने झाका. उघडी तार स्टँडला लागली की खालच्या सुरांवर झणझणते, आणि तो आवाज कुठून येतोय हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

मोज्याऐवजी दुसरं कापड घ्यायचं तर दोन गोष्टी तपासा. कापडातून पलीकडचं स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि त्यामागे धरलेल्या हाताला फुंकर नुसती कोमट जाणवली पाहिजे, टोचता कामा नये. मच्छरदाणीची छिद्रं फार मोठी; दोन-तीन पदर केले तरच काम भागतं. सुती धोतराचं किंवा रुमालाचं कापड वारा छान अडवतं, पण आवाजातला वरचा खुलेपणाही खाऊन टाकतं. पीठ चाळायच्या स्टीलच्या चाळणीची जाळी चालते, मात्र तिचा उंच काठ आवाज घुमवतो. काठ कापता येत नसेल तर तिच्या नादी लागू नका.

विकत घ्यायचा तर नायलॉनचा साधा दुपदरी फिल्टर काही शे रुपयांत येतो आणि घरच्या कामाला पुरेसा असतो. जाळीपेक्षा त्याची वाकणारी दांडी आणि क्लॅम्प तपासा. स्वस्त फिल्टरची दांडी हळूहळू खाली झुकते आणि गाण्याच्या मध्यावर जाळी ओठांसमोरून सरकते. धातूच्या जाळीचा फिल्टर महाग, पण पुसायला सोपा आणि टिकाऊ. माईकवर चढवायची स्पंजाची टोपी उघड्यावरच्या वाऱ्यासाठी ठीक आहे. जवळून गाताना ती एकटी अपुरी पडते, कारण ती माईकला चिकटूनच असते.

काहीच हाताशी नसेल तर माईक तोंडासमोरून २० ते ३० अंश बाजूला सरकवा आणि त्याचं तोंड ओठांकडेच वळवून ठेवा. झोत सरळ निघून जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. फिल्टर असतानाही ही सवय चांगली. छताचा पंखा मात्र बंदच करा. त्याचा वारा जाळीला वळसा घालून बाजूने माईकवर येतो.

रेकॉर्डिंगची लेव्हल अशी ठेवा की मीटरवर सर्वांत जोराची जागा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. सुटलेला एखादा ‘प’ ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच अक्षर निवडून १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज कापणारा) लावला की सावरतो. पण धक्क्याने लेव्हल शून्याला जाऊन लाट वरून कापली गेली असेल, तर तिथला आवाज नोंदलाच गेलेला नसतो. ती ओळ पुन्हा गावी लागते. आणि ‘स’, ‘श’ची शीळ कानाला टोचत असेल तर पॉप फिल्टरकडून अपेक्षा ठेवू नका. ती शीळ वाऱ्याची नाही, ५ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपासचा खराखुरा आवाज आहे, आणि जाळी आवाज जाऊ देते. त्यासाठी डी-एसर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला ही शीळ दाबणारा इफेक्ट वापरा.

जाळीवर थुंकीचे बारीक तुषार साठतात, म्हणून महिन्यातून एकदा मोजा काढून साध्या साबणाच्या पाण्यात धुवा. ओलसर जाळी माईकसमोर लावू नका. कंडेन्सर माईकमध्ये दमट हवा शिरली की तो चरचरायला लागतो. खानापूरकडच्या पावसात मोजा वाळायला वेळ लागतोच. तोवर जोडीतला दुसरा रिंगवर चढवा.